वाण नाही, पण गुण लागला

1930 साली हर्मन मुलर यांचा एक लांबलचक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. क्ष-किरणांचा मारा केल्यावर चिलटांमध्ये नुसत्या नजरेला दिसतील असे कोणकोणते बदल होतात, याची ती जंत्रीच होती. क्ष-किरणांनी जनुकं बिघडवता येतात हे मुलर यांनी तीनच वर्षांपूर्वी टेक्सास विद्यापीठात दाखवलं होतं, आणि त्याच कामाबद्दल पुढे 1946 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बिघडलेली चिलटं ओळखायला त्यांची नजर चांगलीच सरावली होती. तरीही या निबंधातली काही चिलटं कोणत्याच खान्यात नीट बसेनात. जनुक बिघडलं तर ते शरीरभर बिघडायला हवं. मग डोळा एकतर लाल दिसेल, नाहीतर पांढरा, फार तर दोन्हींमधली एखादी एकसारखी छटा. इथे एकाच डोळ्याचा काही भाग गडद लाल होता, काही पांढरा फटक, आणि त्याच बाटलीतल्या दुसऱ्या चिलटाच्या डोळ्यातली नक्षी पुन्हा वेगळीच.

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती जे बारीक किडे घोंघावू लागतात, तीच ही चिलटं. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. आंब्या-पेरूच्या बागायतदारांना छळणारी फळमाशी ही नव्हे. ती वेगळ्याच कुळातली आणि आकारानेही बरीच मोठी.

मुलर यांच्या त्या चिलटांपैकी एका वाणाची संतती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत नांदते आहे. तिला ‘व्हाइट-मॉटल्ड-4’ म्हणतात. ती पाहायची असेल तर मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर घालून शिजवलेल्या खाद्याची एक बाटली उचलायची, तोंडावरचा कापसाचा बोळा काढून चिलटं एका सच्छिद्र पट्टीवर ओतायची आणि पट्टीखालून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. काही सेकंदांत सगळी आडवी होतात. बारीक कुंचल्याने एकेकीला कुशीवर वळवून सूक्ष्मदर्शकाखाली आणली की डोळा दिसतो: साडेसातशे-आठशे षटकोनी नेत्रिका ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीभोवती रंगपेशींची चौकट. साध्या चिलटात हा सगळा पट विटकरी लाल असतो. मॉटल्ड चिलटात पांढऱ्या जमिनीवर कुठे मिरपूड भुरभुरल्यासारखे लाल ठिपके असतात, तर कुठे डोळ्याच्या कडेपासून मध्यापर्यंत गेलेला सलग लाल पट्टा. डावा डोळा पाहून उजव्याचा अंदाज बांधता येत नाही. आणि सर्वांत लाल डोळ्यांची नर-मादी निवडून त्यांची पैदास केली, तरी पुढच्या पिढीत ती नक्षी उतरत नाही. पुन्हा सगळा खेळ पहिल्यापासून.

यातलं मुख्य पात्र म्हणजे ‘व्हाइट’ नावाचं जनुक. चिलटांच्या जनुकांना सहसा ती बिघडल्यावर काय दिसतं त्यावरून नावं देतात, म्हणून लाल डोळ्याला लागणाऱ्या जनुकाचं नाव पांढरं. थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला, तेव्हापासून हे जनुक आनुवंशशास्त्राच्या घरचंच झालं आहे. रंग बनवणं हे त्याचं काम नाही. लाल आणि तपकिरी अशा दोन्ही रंगांचा कच्चा माल पेशीतल्या रंगकणांत ओढून घेणाऱ्या पंपाचा एक भाग ते बनवतं. पंप नसेल तर दोन्ही रंग जातात आणि डोळा पांढरा पडतो.

मॉटल्ड-4 मध्ये हे जनुक अक्षरशः जसंच्या तसं आहे. बदललं आहे ते त्याचं ठिकाण. क्ष-किरणांनी एक्स गुणसूत्र दोन जागी तुटलं, मधला तुकडा उलटा फिरला आणि तसाच पुन्हा सांधला गेला. व्हाइट एरवी गुणसूत्राच्या मोकळ्या टोकाजवळ असतं. तुकडा फिरल्यामुळे ते थेट दुसऱ्या टोकाकडे, गुणसूत्रबिंदूच्या शेजारी जाऊन पडलं. सांधा आणि जनुक यांच्यात सुमारे 25 हजार डीएनए-अक्षरांचं अंतर आहे. जनुकाला साधा ओरखडाही उठलेला नाही.

पण हे इतक्या खात्रीने सांगायचं कशाच्या आधारावर? डीएनएची अक्षरं वाचायची सोय 1930च्या दशकात नव्हती. तेव्हा संशोधकांनी जनुकाला त्या जागेवरून हलवून पाहिलं. सोव्हिएत रशियात दुबिनिन आणि सिदोरोव्ह यांनी ‘हेअरी’ नावाच्या दुसऱ्या एका जनुकाला गुणसूत्रांच्या नैसर्गिक अदलाबदलीतून पुन्हा साध्या गुणसूत्रावर आणलं, आणि ते पूर्ववत चालू लागलं. इतरांनी डागाळलेल्या डोळ्यांच्या चिलटांवर पुन्हा क्ष-किरण सोडले. क्वचित एखाद्या चिलटात गुणसूत्र नव्याने तुटून जनुक त्या शेजारापासून दूर गेलं की डोळे लालबुंद. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. वाण म्हणजे जनुकातला मजकूर. त्याला धक्का नाही. गुण लागला तो शेजाऱ्याचा.

हा शेजारी म्हणजे हेटरोक्रोमॅटिन. एमिल हाइट्झ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1928 मध्ये शेवाळवर्गीय वनस्पतींच्या पेशी रंगवताना त्याचं वर्णन केलं. पेशीविभाजन संपलं की गुणसूत्रं सैल होऊन फिकी पडतात, पण त्यांचे काही भाग घट्ट आणि गडदच राहतात. चिलटाच्या डीएनएचा साधारण तिसरा हिस्सा असा आहे. त्यात पुनःपुन्हा तीच ती अक्षरं असलेल्या लांबच लांब माळा आहेत, उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यांचे अवशेष आहेत आणि जनुकं मात्र विरळ. वाय गुणसूत्र तर जवळजवळ संपूर्ण याच मालाचं. ही घट्ट बांधणी सांध्यावर न थांबता पलीकडे पसरते आणि तिच्या तावडीत सापडलेलं जनुक गप्प होतं. पण किती पसरेल हे पेशीगणिक बदलतं, म्हणून डोळा ठिपक्या-ठिपक्यांचा. पाठ्यपुस्तकात स्पष्टीकरण बहुधा इथेच संपतं. ते चुकीचं नाही, पण इथे थांबलं तर गोष्टीचा अर्धा भाग राहून जातो.

या पसरण्याच्या कल्पनेला आधार होता तो डेमेरेक आणि स्लिझिन्स्का यांच्या 1937च्या कामाचा. त्यांच्या वाणात सांध्याजवळ ‘रफेस्ट’ हे जनुक होतं आणि त्याच्या पलीकडे व्हाइट. रफेस्ट गप्प झालं तर नेत्रिकांची मांडणी खडबडीत होते. डोळ्यात खडबडीत पण लाल असे भाग दिसत, खडबडीत आणि पांढरे दिसत, पण गुळगुळीत आणि पांढरे दिसत नसत. म्हणजे जवळचं आधी गप्प, लांबचं नंतर. अगदी देखणा पुरावा! पुढे 2000 साली सिअ‍ॅटलमध्ये टॅल्बर्ट आणि हेनिकॉफ यांनी मॉटल्ड-4 आणि तिच्या भाऊबंदांचे अकरा वाण समोर ठेवून हेच पुन्हा मोजलं, तेव्हा हिशेब इतका सरळ निघाला नाही. ज्या वाणात रफेस्ट जास्त वेळा गप्प, त्यात व्हाइटही जास्त वेळा गप्प असायला हवं होतं. तसं नव्हतं. पाणी उताराने पुढे जावं तशी ही बांधणी पुढे सरकत नाही. मधल्या जनुकांचाही काही स्वभाव असतो.

बाहेरून हा तोल हलवायच्या दोन युक्त्या लवकरच हाती आल्या. गोवेन आणि गे यांनी 1930च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवलं, की वाय गुणसूत्र एक जादा दिलं तर डोळा लाल होतो आणि अजिबात दिलं नाही तर जवळजवळ पांढरा. (वाय नसलेलं चिलट नरच असतं, फक्त वांझ. चिलटांमध्ये नर होण्याचा वायशी संबंध नाही.) दुसरी युक्ती तापमानाची. त्याच वाणाची एक बाटली 18 अंशांवर वाढवली आणि दुसरी 29 अंशांवर, तर थंडीतली चिलटं पांढुरकी आणि उबेतली लालसर निघतात. वायचा परिणाम कळायला पुढे बरीच वर्षं गेली: घट्ट बांधणीला लागणारी प्रथिनं पेशीत मोजकीच असतात, आणि वायचा अवाढव्य पसारा त्यातला मोठा वाटा स्वतःकडे ओढून घेतो. जादा वाय आलं की बाकीच्यांच्या वाट्याला कमी.

आता ऊतींकडे वळू. व्हाइट जनुक फक्त डोळ्यातच लागतं असं नाही. चिलटाच्या पोटात मूत्रपिंडाचं काम करणाऱ्या चार बारीक नळ्या असतात, माल्पिघी नलिका. साध्या अळीत त्या पिवळसर असतात आणि हा पिवळेपणा व्हाइटवर अवलंबून असतो. नराच्या वृषणावरच्या आवरणाचा पिवळा रंगही तसाच. मॉटल्ड-4 ची अळी मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवून दोन चिमट्यांनी तिचं तोंड आणि धड विरुद्ध दिशांना ओढलं, तर आतड्याला लोंबणाऱ्या या नळ्या बाहेर येतात आणि त्यांत पिवळ्या पेशींच्या मध्येमध्ये बिनरंगी पेशी बसलेल्या दिसतात. तुटलेली जागा तीच, जनुक तेच. पण डोळ्यात किती पेशी गप्प आहेत यावरून नळ्यांत किती असतील ते सांगता येत नाही. वाण बदलला, तापमान बदललं की दोन्हीकडचे आकडे बदलतात, पण एकमेकांशी इमान राखून बदलत नाहीत.

या दोन ऊतींचं आयुष्य किती वेगळं आहे ते पाहिल्याशिवाय याचा उलगडा होणार नाही. नलिकांच्या पेशी अंड्यातच विभागून मोकळ्या होतात. अळी बाहेर येते तेव्हा त्यांची संख्या ठरून गेलेली असते. पुढे त्या नुसत्या आकाराने वाढतात, न विभागता आपल्या डीएनएच्या प्रती वाढवत राहतात. अळीचा कोश होतो, तिचं बहुतेक शरीर विरघळून नव्याने घडतं, तरी या नळ्या जवळपास तशाच प्रौढ चिलटात जातात. डोळ्याचं सगळं याच्या उलट. अंड्यात असताना तो मूठभर पेशींचा एक चपटा पुंजका असतो. अळीच्या तिन्ही अवस्थांत त्या पेशी विभागत राहतात, तिसऱ्या अवस्थेत मागून पुढे सरकणाऱ्या लाटेसारख्या त्या घडायला लागतात, आणि रंग भरायची वेळ येते ती कोशात. म्हणजे व्हाइटची डोळ्याला गरज पडते ती फार उशिरा. त्याआधी आठवडाभर ते गप्प होतं की बोलत होतं, याचा कसलाही मागमूस डोळ्यात उरत नाही.

माझ्या मते या विषयाचा सगळ्यांत शिकवणारा धडा इथेच आहे. जवळजवळ साठ वर्षं संशोधक डोळा या एकाच साक्षीदारावर विसंबून राहिले, आणि तो साक्षीदार फक्त शेवटच्या क्षणाचं सांगत होता. विल्यम बेकर यांनी 1960च्या दशकात डागांचे आकार बारकाईने तपासले. मोठे सलग पट्टे डोळ्यातल्या एकेका मूळ पेशीच्या वंशविस्ताराशी जुळत होते. त्यावरून निष्कर्ष निघाला, की जनुक गप्प करायचं की नाही याचा निर्णय डोळा अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी घेते आणि तिची लेकरं-नातवंडं तो इमानेइतबारे पाळतात. पट्टा मोठा असेल तर निर्णय लवकर झाला, ठिपका बारीक असेल तर उशिरा. डोळ्यावरून तरी यात खोट काढता येण्यासारखी नव्हती.

खोट निघाली ती साक्षीदार बदलल्यावर. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जोएल आयसेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने 1990च्या दशकात एक वेगळंच जनुक हेटरोक्रोमॅटिनच्या शेजाराला नेऊन ठेवलं. ते जिवाणूचं होतं, आणि त्याच्या पुढे उष्णतेने चालू होणारी कळ बसवलेली होती. अंडं असो, अळी असो की प्रौढ चिलट, त्याला थोडा वेळ 37 अंशांत ठेवायचं आणि मग रंगद्रव्यात बुडवायचं. ज्या पेशीत जनुक मोकळं असेल ती निळी होते, जिथे ते दाबलं गेलं असेल ती कोरी राहते. आता कोणत्याही ऊतीला, कोणत्याही वयात प्रश्न विचारता येत होता. 1996 आणि 1998 साली त्याची उत्तरं प्रसिद्ध झाली.

पहिलं उत्तर: गप्प करण्याचं काम फार लवकर सुरू होतं. गर्भाचे थर आत वळायला लागतात तेव्हा. सूक्ष्मदर्शकाखाली हेटरोक्रोमॅटिन पहिल्यांदा दिसू लागल्यावर जेमतेम तासाभराने. दुसरं उत्तर: सगळ्या ऊती सारख्या नाहीत. काहींमध्ये जनुक जवळपास सर्वत्र दाबलेलं, तर काहींमध्ये हा दाब आश्चर्य वाटावं इतका कमी. तिसऱ्या उत्तराने जुन्या समजुतीला सुरुंग लावला. डोळा, पंख, पाय यांच्या त्या विभागणाऱ्या पुंजक्यांत जनुक ठिपक्या-ठिपक्यांनी गप्प नव्हतं. अंड्यातल्या मधल्या काळापासून ते अळीच्या तिसऱ्या अवस्थेच्या सुरुवातीपर्यंत ते जवळजवळ सरसकट गप्प होतं. ठिपके दिसायला लागले ते पेशी घडायला लागल्यावर, आणि तेही नव्याने गप्प झालेल्या पेशींचे नव्हे, तर नव्याने मोकळ्या झालेल्या पेशींचे. डोळ्यातला लाल ठिपका म्हणजे गप्प करण्यातून वाचलेली पेशी, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती गप्प होऊन मग सुटलेली होती.

सुटका कशामुळे होते हेही त्यांनी शोधलं. पुंजका अळीतून काढून बशीत ठेवला आणि त्यात एक्डायसोन घातलं, तर दाब बशीतही सैल झाला. अळीला कात टाकायला लावणारं आणि कोशात जायला लावणारं संप्रेरक ते हेच. पेशींच्या विभागण्याचा वेग कमी-जास्त करून पाहिला; फरक पडला नाही. जनुकापुढची कळ कमकुवत बसवली, जोरकस बसवली. तरी फरक नाही. वेळापत्रक जनुकाचं नव्हतं, ऊतीचं होतं.

मग बेकर यांनी पाहिलेले पट्टे खोटे होते का? मुळीच नाही. डागांचे आकार आणि पेशींची नाती खरोखरच जुळतात. फक्त वारशाने येतं ते ‘गप्प’ किंवा ‘चालू’ असं ठरलेलं उत्तर नसावं, तर पुढे सुटण्याची कमी-जास्त शक्यता असावी, असं आता म्हणावं लागतं. 2019 मध्ये कीथ मॅगर्ट आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग याच बाजूला झुकतो. पेशीतलं दाबलेलं जनुक सुटलं की त्या पेशीवर आणि तिच्या संततीवर कायमची खूण उरेल, अशी रचना त्यांनी केली. खुणा वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर उमटलेल्या सापडल्या. दाब सुरुवातीपासूनच अपुरा होता आणि पुढेही डळमळत राहिला.

लाळग्रंथींचा किस्सा याहून निराळा. अळीच्या लाळग्रंथीतल्या पेशी विभागतच नाहीत. त्या डीएनएच्या हजारभर प्रती काढून त्या एकमेकींना चिकटवून ठेवतात, म्हणून त्यांची गुणसूत्रं साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही पट्ट्यापट्ट्यांची जाडजूड दिसतात. पण हेटरोक्रोमॅटिनच्या प्रती मात्र काढल्याच जात नाहीत, किंवा फार थोड्या निघतात. सांध्याजवळचं जनुकही कधीकधी या हात आखडण्यात सापडतं. कार्पेन आणि स्प्रॅडलिंग यांनी 1990 मध्ये एका छोट्या गुणसूत्रावर हे मोजून दाखवलं: हेटरोक्रोमॅटिनच्या शेजारच्या भागाच्या प्रती अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या होत्या. म्हणजे लाळग्रंथीत जनुक कमी बोलतं याला दोन कारणं असू शकतात, दाब आणि प्रतींचीच टंचाई. डोळ्यात दुसऱ्या कारणाला फारसा वाव नाही. दिसायला दोन्हीकडे ‘ठिपके’च, पण आतली यंत्रणा तीच असेल असं गृहीत धरता येत नाही. निरनिराळ्या ऊतींतले आकडे एकाच कोष्टकात शेजारी-शेजारी मांडलेले दिसले, की म्हणूनच मला जरा धास्ती वाटते.

आणखी एक घड्याळ पेशीच्या केंद्रकातच आहे. ‘ब्राउन’ नावाच्या जनुकात कधीकाळी पाच अक्षरांची माळ पुनःपुन्हा असलेला हेटरोक्रोमॅटिनचा दहा लाख अक्षरांहून मोठा तुकडा घुसून बसला. चिलटांत जोडीची गुणसूत्रं एकमेकांना बिलगून असतात, त्यामुळे तो तुकडा जोडीदार गुणसूत्रावरच्या चांगल्या ब्राउन जनुकालाही सोबत ओढतो. ओढतो म्हणजे खरोखर जागा बदलायला लावतो: गुणसूत्राच्या टोकाकडचा तो भाग केंद्रकातून सरकत जाऊन गुणसूत्रबिंदूजवळच्या मुख्य हेटरोक्रोमॅटिनला चिकटतो. एमी सिंक आणि हेनिकॉफ यांनी 1998 मध्ये ही सरकण्याची वेळ मोजली. पेशी विभागल्यानंतर निदान पाच तास गेल्याशिवाय हे चिकटणं घडत नाही. ज्या ऊतीतल्या पेशी त्याआधीच पुन्हा विभागायला घेतात, तिथे त्या तुकड्याला आपल्या गोतावळ्यापर्यंत पोहोचायला वेळच मिळत नाही. विभागणं थांबवून स्थिरावलेल्या पेशींत मात्र हवा तेवढा वेळ असतो. आयसेनबर्ग यांच्या प्रयोगात विभागण्याच्या वेगाने काही बिघडत नव्हतं आणि इथे तोच वेग निर्णायक ठरतो, हा विरोधाभास वरवरचा आहे. तिथे जनुक हेटरोक्रोमॅटिनला सांधलेलं होतं, इथे ते प्रवास करून तिथवर जातं. गुणसूत्रांची फेरमांडणी कशी झाली आहे त्यावर कोणत्या ऊतीत काय होईल हेही ठरतं, ते असं.

घट्ट बांधणीची प्रथिनं कोणती, हे शोधण्याचं श्रेय पुन्हा मॉटल्ड-4 च्या डोळ्यालाच द्यावं लागेल. पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात गुंटर रॉयटर यांनी 1980च्या सुमारास अशी उत्परिवर्तनं शोधायला घेतली, की ज्यांनी डागाळलेला डोळा पुन्हा लाल होईल. अशी डझनावारी सापडली. सारा एल्जिन यांच्या गटाला 1986 मध्ये हेटरोक्रोमॅटिनवरच जमा होणारं एक प्रथिन मिळालं होतं, एचपी-1. ते अशाच एका उत्परिवर्तनातल्या जनुकाचं असल्याचं 1990 मध्ये उघड झालं. रॉयटर यांच्या यादीतल्या आणखी एका जनुकाचं मानवी आणि उंदरातलं रूप काय करतं, ते थॉमस येनुवाइन यांच्या व्हिएन्नातल्या गटाने 2000 साली दाखवलं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यातल्या एच-3 च्या नवव्या जागेवर ते मिथाइलची खूण करतं. एचपी-1 या खुणेला पकडतं, खूण करणाऱ्याला शेजारी बोलावतं, तो पुढच्या हिस्टोनवर खूण करतो. पसरण्याचं यंत्र ते हेच.

या यंत्रात मात्रेला फार महत्त्व आहे. एचपी-1 च्या जनुकाची दोनऐवजी एकच प्रत असेल तर डोळा लालसर होतो, तीन असतील तर अधिक पांढरा. एका प्रतीच्या फरकाने जो तोल ढळतो, तो निरनिराळ्या ऊतींत एकसारखा राहील अशी अपेक्षाच चुकीची होती. प्रत्येक ऊतीत ही प्रथिनं थोडी कमी-जास्त, खुणा पुसणारी त्यांची विरोधी प्रथिनं कमी-जास्त, आणि एक्डायसोनचा सांगावा पोहोचायची वेळ वेगळी.

या सगळ्यात हेटरोक्रोमॅटिनला खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि बरीच पुस्तकं तसं करतात. त्यांनी ‘लाइट’ या जनुकाकडे पाहायला हवं. हेही डोळ्याच्या आणि माल्पिघी नलिकांच्या रंगाला लागतं, पण ते मुळातच हेटरोक्रोमॅटिनच्या आत राहतं. शुल्ट्झ आणि डोबझान्स्की यांनी 1930च्या दशकातच पाहिलं होतं, की गुणसूत्र तुटून लाइट मोकळ्या, सैल भागाशी सांधलं गेलं तर ते डागाळतं. व्हाइटला जो शेजार मारक, तोच लाइटला तारक. आणि यंत्र दोघांना एकच लागतं, हेही पुढे दिसलं. एचपी-1 कमी केलं तर हलवलेलं व्हाइट सुटून डोळा लाल होतो, आणि हलवलेलं लाइट त्याच मात्रेत आणखी दबतं. आयसेनबर्ग यांच्याच गटाने 2000 साली तर असं दाखवलं, की लाइटला कुठेही हलवलेलं नसलं, ते आपल्या मूळ घरी सुखाने असलं, तरी एचपी-1 शिवाय ते नीट चालत नाही.